कच्च्या गटातला अर्धा

मी अर्धा बोलतोय. जाड निळ्या पुठ्ठ्याचा अर्धा, एक छेद दोन. आणि मला भयंकर राग आलाय, म्हणून आज जरा स्पष्टच बोलणार आहे.

चौथीच्या बाईंनी मला घरी जेवणाच्या टेबलावर कापलं. साखरेच्या डब्याचं झाकण ठेवून पेन्सिल फिरवली, मग कात्री. मी आणि चार पाव एका खोक्यात गुण्यागोविंदाने राहायचो. दोन पाव माझ्या अंगावर ठेवले की काठाला काठ लागायचा. मुलं म्हणायची, "अरे, सारखंच की!" झालं, सममूल्य अपूर्णांक समजले.

पुढे पाव हरवले. रविवारी घाईघाईत बाई नवे कापायला बसल्या, तर साखरेच्या डब्याचं झाकण सापडेना. सासूबाईंनी पिठाच्या डब्याचं दिलं. "घे गं, झाकण ते झाकण. गोलच आहे ना?"

गोल होतं हो, पण बोटभर मोठं! मी खोक्यात नुसता चरफडत राहिलो.

सोमवारी बाईंनी ते नवे पाव माझ्यावर ठेवले. सगळी पोरं "सारखे!" म्हणून ओरडली. बघितलं कोणी? छे! पाठच होतं ते. एकटी शंकासूर उभी राहिली. शंका संपत नाहीत म्हणून वर्गाने तिचं हेच नाव पाडलंय.

"बाई, दोन पाव बाहेर येतायत."

"दोन छेद चार म्हणजे एक छेद दोन. म्हण."

"पण मोठे दिसतायत ना!"

"शुक्रवारी तोंडी परीक्षेत असं बोललीस, तर कच्च्या गटात बसवीन हं."

कच्चा गट म्हणजे शाळा सुटल्यावर रोज तासभर बसायचं, आणि वर सगळ्यांची चिडवाचिडवी. शुक्रवारी ती रडवेली झाली होती, पण डोळ्यांना दिसलं तेच बोलली. बाईंनी वहीत पेनाने तिचं नाव लिहिलं.

त्याच संध्याकाळी कच्च्या गटात तिने मला उचललं आणि मधोमध दुमडलं. घडीवर नवा पाव ठेवला आणि किंचाळलीच, "बाई, हे याचे पाव नाहीतच! दुसऱ्याच गोलाचे आहेत!"

शाब्बास! मला नाचावंसं वाटलं.

बाईंनी निरखून पाहिलं. कान लाल झाले. मग म्हणाल्या, "कळलं. पण दुमडलंस ना त्याला! आता नवा अर्धा कापायला हवा."

बस, एवढंच! पिठाच्या झाकणाने नवा अर्धा आला आणि मी केराच्या टोपलीत गेलो. वहीतलं नाव मात्र तसंच. पेनाने लिहिलेलं ना!

शंकासूरने मला टोपलीतून काढलं. रोज कच्च्या गटात ती मला बाकावर मांडते. काल मी घडीवर फाटलो, तर तिने दोन्ही तुकडे नीट जुळवून ठेवले. या ना बाई, एकदा वाकून बघा. माझे दोन पाव झालेत, तरी मी तेवढाच आहे. चुकलं होतं ते झाकण. तिचं नाव खोडा!