नावावर नसलेली पुस्तकं

शमीमबाई दिसण्याआधी तिचा वास यायचा: गव्हाच्या खळीचा, कीड लागू नये म्हणून त्यात मिसळलेल्या मोरचुदाचा आणि त्या दोन्हींवर उन्हानं चढवलेल्या कोरड्या, पिठूळ उबेचा. तिच्या हातून गेलेल्या पुस्तकांनाही पुढे कित्येक महिने तोच वास लागलेला असे. त्यामुळे ती ग्रंथालयाच्या दारात आली आहे, की तिनं शिवलेलं एखादं पुस्तक आत कुणी नुकतंच उघडलं आहे, हे मला कधी कधी मान वर केल्याशिवाय कळत नसे.

दौंडला विद्यापीठाचं एक लहानसं केंद्र होतं आणि त्याच्या ग्रंथालयाचा मी ग्रंथपाल होतो. शमीमबाई यवतची. तिचे वडील आमची पुस्तकं बांधत असत. ते गेल्यावर दाभण, दाबयंत्र आणि आमचं काम असं तिन्ही तिच्याकडे आलं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती सकाळच्या गाडीनं येई, जुन्या चादरीत बांधलेली दोन गाठोडी टेबलावर ठेवी आणि नवी दोन उचलून दुपारच्या गाडीनं परत जाई. चाळिशीतली, सडसडीत, पदर नेहमी डोक्यावरून घेतलेली. उजव्या तर्जनीवर मेणाच्या दोऱ्यानं कापून कापून एक खाच पडली होती, आणि ती खाच इतकी जुनी होती की बोलताना ती तिच्यावरून अंगठा फिरवी, जशी एखादी बाई हातातली बांगडी फिरवते.

पुस्तक हाती घेण्याची तिची एक रीत होती. कणा अंगठ्यानं वरून खालपर्यंत चाचपायचा, मग पुस्तक अलगद तळहातावर सोडायचं आणि ते आपसूक कुठं उघडतं ते पाहायचं. तिथं ती क्षणभर थांबे. मला वाटे, ती उसवलेल्या शिवणीचा अंदाज घेते आहे. हिवाळ्याच्या दिवसांत गुऱ्हाळांचा गोडसर धूर गावावर उतरलेला असे, पूर्वेच्या खिडकीतून येणारं ऊन त्या धुरानं मधासारखं दाट झालेलं असे, आणि त्या उजेडात उघड्या पानावर झुकलेला तिचा चेहरा मी वर्षानुवर्षं पाहिला. पाहिला असं म्हणतो खरं. पण माझी नजर गाठोड्यांतल्या पुस्तकांच्या संख्येवर असे.

तिचं काम सुबक होतं, पण सावकाश. महिन्याची पुस्तकं महिन्याच्या आत कधी आली नाहीत. आमचे शिपाई दगडूमामा भांडगावचे, जिभेचे तिखट. ते तिला म्हणत, "बाई, आमची पुस्तकं तुमच्याकडं माहेरपणाला जात्यात. नांदायला यायचं नावच घेत न्हाईत." ती हसून म्हणे, "मामा, लेक दमून आलेली असती. चार दिस जास्ती ऱ्हायली तर काय बिघडतंय?" मी मात्र हसत नसे. मी तिला उशिराची लेखी ताकीद दोनदा दिली होती, आणि दोन्ही वेळा तिनं ती शांतपणे घडी घालून पिशवीत ठेवली होती.

दिवाळीनंतर आमच्याकडे ग्रंथसप्ताह असे. तो आठवडाभर ग्रंथालय ओळखू येत नसे. एरवी जिथं पंख्याची घरघर हाच मोठा आवाज, तिथं अभिवाचनाला आलेल्या शिक्षिकांची लगबग, वाचनखुणा रंगवणाऱ्या पोरींच्या कागदांची सळसळ, रांजणगावहून रात्रपाळी संपवून थेट आलेल्या कामगारांच्या तांबारलेल्या डोळ्यांतलं कुतूहल, असं सगळं एका छताखाली नांदे. स्पर्धा केवळ विद्यार्थ्यांच्या नव्हत्या. परिसरातल्या कुणालाही भाग घेता येई, आणि या कल्पनेचा मला फार अभिमान होता, कारण ती माझी होती. सर्वांत मानाची स्पर्धा म्हणजे 'मला भेटलेलं पुस्तक' ही लेखनाची. आमच्याच ग्रंथालयातलं पुस्तक निवडायचं आणि त्याविषयी चार पानं लिहायची. लेखावर नाव नसे, केवळ क्रमांक. कुठला क्रमांक कुणाचा, ती यादी फक्त माझ्या कपाटात.

त्या वर्षी गाठोडी देताना शमीमबाईनं विचारलं, बाहेरच्या माणसानं लिहिलं तर चालतं का. मी मान वर न करता म्हणालो, सगळ्यांसाठी खुली आहे. पुढच्या सोमवारी, महिना भरायच्या आत, ती केवळ लेख द्यायला यवतहून आली. रेघांच्या कागदावर, वळणदार अक्षरांत लिहिलेली चार पानं. त्यांना तिनं मधोमध तीन टाके घातले होते.

पुण्याहून आलेल्या परीक्षक बाईंनी तोच लेख पहिला ठरवला. पुस्तक होतं धरणाखाली बुडालेल्या एका गावाची कादंबरी, जुनी, फारशी कुणी न मागणारी. असं वाचणारं माणूस तुमच्याकडे आहे, हे तुमच्या ग्रंथालयाचं भाग्य, असं त्या म्हणाल्या. मी कपाट उघडून यादी पाहिली आणि चकित झालो. शमीम मुजावर, यवत.

यानंतर मी जे केलं ते कुणाच्या सांगण्यावरून केलेलं नाही. कुणी दबाव आणला असता, तर आज निदान दोष वाटून घेता आला असता. मी संगणकावर ती कादंबरी शोधली. ती कुणाकुणाला दिली गेली त्याची नोंद पाहिली. शमीमबाईचं नाव नव्हतं. मग तिचं सभासदखातं शोधलं. तेही नव्हतं. चौदा-पंधरा वर्षं जी बाई माझी पुस्तकं पाठीवर वाहत होती, ती सभासद होऊ शकते हे मला कधी सुचलंच नव्हतं. आणि आता त्याच माझ्या न सुचण्याचा मी तिच्याविरुद्ध पुरावा केला. जे पुस्तक नावावर गेलेलं नाही ते वाचलेलं नाही, हे आम्हा नोंदीच्या माणसांचं तर्कशास्त्र. लेख दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतला असणार, असं मी ठरवलं. परीक्षक बाईंना एवढंच कळवलं, की पहिला लेख नियमात बसत नाही. दुसऱ्या क्रमांकाचा पदव्युत्तर वर्गातला मुलगा पहिला झाला. त्या मुलाचा यात काही दोष नाही.

आणि तिला मात्र मी कळवलं नाही.

बक्षीससमारंभाला ती आली. अबोली रंगाची, इस्त्रीच्या घड्या अजून न मोडलेली साडी, आणि त्या दिवशी तिला खळीचा वास नव्हता. कसल्याशा अत्तराचा मंद, अनोळखी गंध होता. शेवटून दुसऱ्या रांगेत ती बसली. नावं वाचली जाऊ लागली, टाळ्या उठू लागल्या, आणि प्रत्येक नावाला ती थोडी पुढे सरके, मग पुन्हा मागे टेके. सगळी नावं संपली. सतरंज्या गुंडाळणं सुरू झालं तेव्हा ती माझ्याजवळ आली. आजूबाजूला विद्यार्थी होते, प्राध्यापक होते.

"सर, माझा कागद मिळाला न्हाई का?"

मी म्हणालो, "दुसऱ्याचं लिहिलेलं चालत नाही, शमीमबाई."

ती गोंधळली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "दुसऱ्याचं न्हाई, सर. मी वाचलंय ते. शिवता शिवता."

"ते पुस्तक तुमच्या नावावर कधी गेलेलंच नाही," मी म्हणालो, चार जणांना ऐकू जाईल अशा आवाजात, कारण नियम समजावून सांगताना माझा आवाज नेहमीच थोडा चढत असे. कुणीतरी हसलं. फार मोठ्यानं नव्हे. तिनं अंगठ्यानं तर्जनीवरची खाच एकदा चोळली, पदर सारखा केला, आणि येते सर, असं नेहमीसारखंच म्हणून ती दाराबाहेरच्या उजेडात निघून गेली.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी गाठोडी द्यायची म्हणून मी बांधणीला जाणाऱ्या पुस्तकांची वही काढली. ती वही संगणकात कधी गेली नव्हती. ती माझ्या टेबलाच्या खणात असे आणि तिच्यात मीच लिहीत असे. दोन पानं मागं गेलो. त्या कादंबरीचा दाखल क्रमांक तिथं होता, माझ्या अक्षरात. शेजारी तिची सही, तेच वळणदार अक्षर. पुस्तक तिच्याकडे दोन महिने होतं. तेवढ्यावरूनच तर मी तिला ताकीद दिली होती.

मग मला त्या सगळ्या उशिरांचा अर्थ कळला. दर महिन्याला मी तिला दोन गाठोडी पाठवत होतो, आणि ती बांधत होती तेवढी सगळी वाचत होती. आमच्या केंद्रात माझ्यासकट कुणी तेवढं वाचलेलं नव्हतं.

ती वही घेऊन मी त्याच दिवशी उठायला हवं होतं. केंद्राच्या संचालकांकडे जायला हवं होतं, निदान तिच्यासमोर ती उघडून धरायला हवी होती. पण निकाल लागला होता, विजेत्यांच्या फलकावर रंगाऱ्यानं त्या मुलाचं नाव लिहिलं होतं, आणि ज्यानं चार माणसांत आवाज चढवला त्यालाच चार माणसांत तो उतरवावा लागणार होता. पुढच्या वर्षी तिला बोलावू, पुढच्या वर्षी भरून काढू, असं मी मनाला सांगितलं. शमीमबाई समोर उभी होती. मी वही तिच्यापुढे सरकवली, तिनं सही केली, गाठोडी उचलली. त्या वहीत काय आहे हे तिलाही ठाऊक होतं, मलाही.

त्या खेपेची पुस्तकं पुढच्या महिन्याची वाट न पाहता चार दिवसांत परत आली.

त्याच्या पुढची पाच दिवसांत. शिवण तशीच घट्ट, कडा तशाच सरळ, कापडी पाठीवर एक सुरकुती नाही. मी खरंच सांगतो, मी तिला शाबासकी दिली. वेळेत काम झालं की बरं वाटतं, असं काहीतरी म्हणालो. ती मान हलवून गेली. दगडूमामांनी गाठोडं सोडलं. मग पुस्तकांकडे पाहत, कुणाला न उद्देशून म्हणाले, "माहेर तुटलं वाटतं." त्यांना वहीतलं काही माहीत नव्हतं. तरी त्या वाक्यानंतर मी दुपारभर कामात डोकं घालून बसलो.

नंतरच्या कुठल्याही ग्रंथसप्ताहाला ती आली नाही. मीही बोलावलं नाही. पुढे निवृत्त झालो आणि शिरूरला मुलाकडे राहायला आलो. मुलगा रांजणगावला कंपनीत, सूनही नोकरीत. घरातली दुपार लांबलचक आणि रिकामी. अशा दुपारी माणसाला स्वतःच्या हाताखालून गेलेल्या नोंदी आठवू लागतात. ज्या बरोबर लिहिल्या त्या आठवत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात मन घट्ट करून यवतला गेलो. हमरस्त्याच्या कडेला तिच्या धाकट्या भावाचं, सलीमचं, गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान आहे. त्यानं ओळखलं, खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला, आणि आपाला, त्याच्या थोरल्या बहिणीला, जाऊन दोन वर्षं झाली असं सांगितलं. माझ्या वयाच्या माणसाला मागाहून येऊन आधी जाणाऱ्यांचा हिशेब नीट लावता येत नाही. माझ्यापेक्षा ती दहा वर्षांनी तरी लहान होती. रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जात होते, आणि त्यांच्या गडगडाटात थांबत थांबत मी त्याला सगळं सांगितलं. वहीचंही सांगितलं.

त्यानं मशीनवरचा पाय काढला. रागावला नाही, रागावला असता तर बसणं सोपं गेलं असतं. म्हणाला, "आपानं तुमचं वाईट कधी काढलं न्हाई, सर. पन मंग वाचायची बंद झाली. शिवताना पानावर फडकं टाकायची, नजर पडू नये म्हनून. मी म्हनायचो, वाच की, कोन बघतंय. तर म्हनायची, आपल्या नावावर न्हाई ते."

चहा निवला. त्यानं विचारलं, "काय लिवलं होतं हो तिनं? आमाला कधी बोलली न्हाई."

त्याला द्यायला माझ्याकडे तो कागद नव्हता. स्पर्धांचे लेख वर्षभर ठेवून रद्दीत देण्याचा नियम होता, आणि तो नियम मी पाळला होता. चार पानांतलं मला एकच वाक्य आठवत होतं, ज्याच्या खाली परीक्षक बाईंनी लाल रेघ ओढली होती. ते मी सांगितलं: 'माणसं ज्या पानापाशी थांबून रडतात, तिथं पुस्तकाची शिवण आधी उसवते, म्हणून मी आधी तिथं वाचते, आणि मग टाका घालते.'

एवढी वर्षं हे वाक्य मला पाठ होतं, आणि ते पुस्तकं शिवणाऱ्या हाताखेरीज दुसरं कुणी लिहू शकत नाही, हे मला त्या दुकानात, रेक्झिनच्या तुकड्यांमध्ये बसल्यावर दिसलं. पुरावा वहीत शोधायची गरजच नव्हती. तो तिच्या लेखातच होता; मी लेख वाचला होता, पण माणूस ओळखलं नव्हतं.

सलीमनं हातातली शिवण अंगठ्यानं चाचपली. मग म्हणाला, "खरं हाय. सीटबी तिथंच उसवती, जिथं मानूस रोज बसतंय." आणि बिलबुकाच्या मागचा कोरा कागद फाडून त्यानं माझ्यापुढे धरला. "लिवून द्या, सर. खाली तिचं नाव घाला."

मी लिहिलं. अक्षर वाकडं आलं. खाली लिहिलं, शमीम मुजावर, यवत. इथंही तेच लिहितो आहे, कारण त्या वर्षीचा पहिला लेख तिचा होता आणि ही गोष्ट दुसऱ्या कुठल्याही नोंदीत नाही.

काळ माणसाला घेऊन जातो, तेव्हा त्याचं काही ना काही मागे ठेवतो, पण ते कुणाच्या हाती ठेवतो आहे हे पाहत नाही; तिच्या साऱ्या वाचलेल्या आयुष्यातलं एकुलतं एक वाक्य त्यानं सांभाळायला दिलं ते मला, ज्यानं तिचं बाकीचं सगळं हरवलं.