कामावर गेलेला माठ

पाइपवाल्याच्या घरात गळती म्हणजे सोनाराच्या घरात पितळ. पितांबरभाऊ जळगावच्या एका पाइप कारखान्यात सुपरवायझर होते आणि घरातला नळ टपकला तर त्यांना घास गिळत नसे. अशा माणसाने बायकोच्या कॉम्प्युटरमधून पाणी फिरवायचं धाडस केलं होतं. त्याची गोष्ट आळीत बरीच गाजली.

कॉम्प्युटर सुनंदाबाईंचा. तसा तो आणला होता थोरल्या दिरांनी, म्हणजे नानांनी. धुळ्याला त्यांचं सिमेंटचं दुकान. दुकानासाठी नवीन मशीन घेतलं, पण हिशेबाला बसणारा मुनीम त्याला हात लावायला घाबरायचा, म्हणून ते जळगावला भावाकडे धाडून दिलं. सुनंदाबाई मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. त्यांनी त्या डब्यात हलती चित्रं काढायचा प्रोग्राम टाकून घेतला आणि वर्षभरात अशी काही विद्या मिळवली की शाळेतल्या बाया तोंडात बोट घालून बघत बसायच्या.

त्या काढत होत्या एक झोका. भडगावला गिरणेच्या काठी त्यांचं माहेर. दारात कडुलिंबाचं झाड, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याला दोर बांधायचा आणि सासरहून आलेल्या लेकी पोटभर झोके घ्यायच्या. आता आईवडील राहिले नव्हते, भाऊ सुरतेला गेला होता, आणि रस्ता रुंद करताना लिंबही कापला गेला. आखाजीला अख्ख्या खानदेशातल्या सासुरवाशिणी माहेरी जातात. सुनंदाबाई मात्र घरात बसून पुरणाच्या पोळ्या लाटत. याचं दुःख त्या कुणाला सांगत नव्हत्या, पण होतं. म्हणून तर ते झाड त्यांनी पान न् पान रंगवून कॉम्प्युटरात उभं केलं होतं. आता त्या झाडाखाली झोका हलायचा होता. कॉम्प्युटर एकेक चित्र सावकाश तयार करतो, अशी शेकडो चित्रं एकामागून एक लावली की झोका हलतो. अर्धं काम हिवाळ्यात झालं. उरलेलं आखाजीपर्यंत होईल असा त्यांचा हिशेब होता.

पण मार्च लागला आणि पत्र्याच्या खोलीची भट्टी झाली. एखादं चित्र अर्ध्यावर आलं की मशीन ठप्प. पंखा लावला, खिडकीला ओला पडदा लावला, पण परिणाम शून्य. तेव्हा पितांबरभाऊंनी कुठल्याशा मासिकात वाचलं की परदेशात लोक कॉम्प्युटरच्या मेंदूवरून पाणी फिरवून तो गार ठेवतात. ते हसले. म्हणाले, "पानी फिरावनं? हाऊ ते आपला धंदा शे!"

तांबटाकडून तांब्याची चपटी डबी करून घेतली आणि ती त्या मेंदूवर घट्ट बसवली. ठिबकच्या काळ्या नळ्या जोडल्या. कूलरचा लहान पंप लावला. आणि पाणी ठेवायला, सुनंदाबाईंच्या सांगण्यावरून, मातीचा माठ. माठातलं गार पाणी डबीत जायचं, तिथली ऊब घेऊन पुन्हा माठात यायचं. पहिले काही दिवस मशीन असं मुकाट चाललं की बघत राहावं. झोका दोन्ही दोर ताणून पुढे सरकू लागला.

मग कुठे माशी शिंकली कोण जाणे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर कोपऱ्यात दिसणारा तापमानाचा आकडा रोज थोडा वर चढायला लागला, आणि ऐंशीच्या जवळ गेला की मशीन बंद. बरोबर त्याच आठवड्यात नाना काही कामाने जळगावला आले. मशीनवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला.

"सुनंदा, हाई मशीन आठे जळी मरी," ते म्हणाले. "मना दुकानमा एसी शे. आखाजीले मी येसू. तवपावत नीट चालनं नही, ते गाडीमा टाकीसन लई जासू."

नानांचा शब्द म्हणजे घरात शेवटचा शब्द. आखाजीपर्यंत मशीन सुधारलं नाही तर ते जाणार, हे ठरलंच. धुळ्याला गेलं की त्यावर सिमेंटच्या गोण्या मोजल्या जाणार. झोका अर्ध्या हवेत तसाच राहणार, आणि लिंब दुसऱ्यांदा कापला जाणार.

रडून काही होत नाही हे त्यांना माहीत होतं. सुट्टीच्या दिवशी पदर खोचला, मशीनचं बाजूचं झाकण काढलं आणि चूल तपासावी तसं एकेक तपासायला बसल्या. पंखा फिरत होता. तांब्याची डबी जागेवर घट्ट होती. काढून बघितली तर खालचं, ऊब डबीपर्यंत पोचवणारं पांढरं मलमही नीट पसरलेलं होतं. मग पितांबरभाऊंचं आवडतं निदान, "पाइपनं हवा धरी लिधी व्हई." त्याचीही शंका नको म्हणून माठात परत येणारी धार बघितली. धार चांगली बोटाएवढी, अखंड पडत होती. हवा धरली असती तर ती धाप लागल्यासारखी तुटत आली असती.

त्या धारेखाली त्यांनी बोट धरलं. पाणी कोमट. मग माठात हात घातला, तर तेही कोमट. तिथेच त्या थबकल्या. म्हणजे मशीन आपली ऊब पाण्याला इमानदारीने देत होतं. पाणीच ती कुठे टाकत नव्हतं.

त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. तिथे प्यायच्या पाण्याचा माठ होता. त्याच कुंभाराचा, त्याच दिवशी आणलेला. त्याच्या अंगाला हात लावला तर तळवा ओला झाला. खालचा पाटही ओला. आतलं पाणी दात शिवशिवतील असं. परत येऊन त्यांनी कॉम्प्युटरच्या माठावरून हात फिरवला. खडखडीत कोरडा. वर पुन्हा गुळगुळीत, काचेसारखा. त्यांनी नख मारलं, तर दुधावरच्या सायीसारखा एक पारदर्शक पापुद्रा सुटून आला.

"अहो!" त्यांनी हाक मारली ती शेजारच्या गल्लीत ऐकू गेली. "हाई माठले काय लायेल शे?"

पितांबरभाऊ दाढी अर्धी करून बाहेर आले. पापुद्रा बघितला आणि त्यांचा चेहरा परीक्षेत कॉपी सापडलेल्या पोरासारखा झाला.

"सोल्युशन," ते पुटपुटले. "पाइप जोडानं. माठ झिरपे, बठ्ठं टेबल ओलं व्हये. पाइपवालाना घरमा गळती! लोके काय म्हनतीन? म्हनीसन बाहेरथून एक हात मारी दिधा."

"एक?"

"तीन."

सुनंदाबाईंना राग यावा की हसू, तेच कळेना. शेवटी हसूच जिंकलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत त्या हसल्या. "अहो, माठ झिरपस म्हनीसन ते पानी थंड ऱ्हास! तुम्ही त्यानं अंगनं घामच बंद करी टाकं!"

माणूस आयुष्यभर गळती बंद करत आला, त्याला कुठे ठाऊक की काही भांड्यांची गळती हाच त्यांचा गुण असतो. पण पितांबरभाऊ मोठ्या मनाचे. त्यांनी स्वतः स्वयंपाकघरातला माठ उचलून आणला, त्याच्याखाली परात ठेवली, नळ्या जोडल्या आणि बाजूला टेबलफॅन लावला. परातीत पहिला थेंब टपकला तेव्हा मात्र त्यांनी मान फिरवली. सवय ती सवय.

आकडा उतरायला लागला. सत्तर, साठ, पन्नासच्याही खाली. सुनंदाबाई पडद्यासमोर बसून टाळ्या वाजवत होत्या, एकट्याच. इतका आनंद त्यांना शाळेत नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

आखाजीच्या दिवशी नाना आणि त्यांची बायको, जिला सगळे अक्का म्हणत, जीपमधून उतरले. बाहेर नुसता वणवा. जीपमध्ये मागे गादी अंथरलेली होती, मशीन न्यायला. नाना घामाने भिजलेले, आत येताच म्हणाले, "पयले माठनं थंड पानी दे."

सुनंदाबाईंनी स्टीलच्या कळशीतलं पाणी दिलं. नानांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "हाई काय! माठ कोठे शे?"

"माठ कामवर गयेल शे, नाना," सुनंदाबाई म्हणाल्या.

नाना खोलीत आले. माठ, नळ्या, परात, पंखा, सगळं त्यांनी दोनदा बघितलं. मशीन चालूच होतं, शेवटची चित्रं तयार होत होती. नानांना अजून पटलेलं नव्हतं. जेवण झाल्यावर खुर्ची टाकून ते समोरच बसले. पत्रा तडतडत होता, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि नाना त्या आकड्याकडे मांजराने उंदराच्या बिळाकडे बघावं तसे बघत होते. आकडा जागचा हलला नाही. एकदा तर नानांनी माठाला हात लावून तो ओला हात मानेवरून फिरवला आणि बरं वाटल्यासारखे डोळे मिटले.

ऊन कलायच्या आत शेवटचं चित्र पूर्ण झालं. आळीतल्या माहेरी आलेल्या लेकी दारात गोळा झाल्या होत्या. सुनंदाबाई पडद्यासमोर बसल्या. त्यांनी बटण दाबलं.

पडद्यावर लिंब उभा राहिला. पानं हलली. परकरातली एक मुलगी झोक्यावर बसली, पाय मागे ओढले, आणि झोका निघाला. एकदा, दोनदा, मग इतका उंच की तिचे पाय पानांत शिरले आणि लांबवर गिरणेचं पाणी चमकलं.

"परत लाव," नाना म्हणाले. परत लावलं. तिसऱ्यांदाही त्यांनीच सांगितलं. मग उठून बाहेर गेले आणि ड्रायव्हरला ओरडून म्हणाले, "ती गादी काढ रे. मशीन आठेच ऱ्हाई."

पितांबरभाऊंनी छाती फुगवून सगळ्यांकडे बघितलं, जणू झोका त्यांनीच काढला होता. सुनंदाबाईंनी तेवढं त्यांना करू दिलं.

अक्का मात्र पडद्याला अगदी चिकटून बसली होती. झोक्यावरच्या मुलीच्या तोंडावर बोट ठेवून तिने विचारलं, "हाई पोर कोन शे वं?"

"मी शे, अक्का," सुनंदाबाई म्हणाल्या. "भडगावनी."

अक्काने त्यांच्याकडे बघितलं, मग पुन्हा पडद्याकडे, आणि सुनंदाबाईंचा हात आपल्या हातात घेतला.

"मंग यंदा आखाजीले तू बी माहेरले जाईसन उनी."