दोघांच्या नावावरची गाडी

वहिनी कागद घेऊन आल्या तेव्हा मी लेथवर होतो. त्यांनी कागद पुढे धरला आणि म्हणाल्या, "भाऊजी, इथे सही करा. हे गाडी विकतायत."

"कोण विकतंय?"

"हे."

"माझ्या अर्ध्या गाडीसकट?"

"म्हणून तर सही मागतेय ना!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरात मला उगाच भडक्या म्हणत नाहीत. मशीन बंद केलं आणि म्हणालो, "त्याला सांगा, सही हवी असेल तर स्वतः ये म्हणावं. तोंड आहे ना अजून जागेवर?"

"तुम्ही तरी चार वर्षांत कुठे उघडलंत?" वहिनी म्हणाल्या. "उद्या सकाळी आम्ही गाडी घेऊन जातोय विकत घेणाऱ्या माणसाकडे, टेकडीपलीकडे. त्याच्या आत काय ते ठरवा." कागद मशीनवर ठेवून त्या गेल्या. मी तो चुरगळून शर्टाच्या खिशात कोंबला.

आता ही गाडी म्हणजे काय, ते सांगतो. सत्तर वर्षांपूर्वीची अमेरिकन गाडी. माझ्या दुकानाच्या दारात उभी केली तर शेजारच्या शिंप्याचंही दार बंद होईल एवढी लांब. आठ सिलिंडरचं इंजिन, आत लोकरी कापडाची गादी, नाकावर क्रोमचा पक्षी. त्या वर्षी ह्या जातीच्या फार थोड्या बनल्या, आणि आता चालत्या किती उरल्या असतील ते हाताच्या बोटांवर मोजावं. एका बंद पडलेल्या हॉटेलच्या शेडमध्ये ती अकरा वर्षं पडून होती. दादाने आणि मी निम्मे-निम्मे घालून घेतली, तेव्हा तिच्या डिकीत मांजर व्यायली होती. दादा नकाशे काढणारा, अर्ध्या मिलिमीटरवरून झोप उडणारा माणूस. मी लेथवाला. जो भाग मिळत नाही तो त्याने कागदावर काढायचा आणि मी लोखंडात. बावीस वर्षं असं चाललं. वहिनी तिला सवत म्हणायच्या, आणि माझी बायको म्हणायची, सवत एकीला एक असते, इथे दोघींत मिळून एक आहे.

आमचा नियम एकच होता. ज्याने जे उघडलं ते त्यानेच बंद करायचं. दादाने कार्बोरेटर खोलला तर स्क्रू मी लावायचा नाही, आणि मी चाक काढलं तर नट त्याने आवळायचा नाही. जे केलं ते दादाच्या घरामागच्या शेडमधल्या फळ्यावर खडूने लिहायचं. बावीस वर्षांत हा नियम कुणी मोडला नाही.

मग माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवस घरी पडून होतो. उठून शेडमध्ये गेलो तर गाडी चकाचक! दादाने तिला नवा रंग देऊन आणला होता. अरे, तो जुना हिरवा रंग कारखान्यातला होता! जागोजागी उडालेला, पण खरा. असा रंग एकदा गेला की गेला, मग जगातला कुठलाही रंगारी तो परत आणू शकत नाही. मी दादाला म्हणालो, "म्हातारीला लाली फासलीस." तो म्हणाला, "पत्रा गंजत होता, तुला दिसत नव्हता." मी म्हणालो, "विचारायचं होतंस." तो म्हणाला, "तू नाहीच म्हणाला असतास." ते खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. त्या दिवसापासून बोलणं बंद. तो सकाळी शेडमध्ये जायचा, मी दुपारी तो झोपला की जायचो, आणि बोलायला फक्त फळा.

आठ महिन्यांपूर्वी फळ्यावर एक ओळ दिसली: 'कार्बोरेटर नीट बसवला आहे. कृपया हात लावू नये.' कृपया! बावीस वर्षं ज्याच्या हाताखाली गाडी उभी राहिली त्याला कृपया! मी त्याच दुपारी दोन स्क्रू पाव-पाव फेरा फिरवले आणि ओळ पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर तीच ओळ, पण 'कृपया' नव्हतं. मी परत फिरवले, परत पुसलं. मला वाटलं, आता भांडायला येईल. आला नाही. मग मला चेवच आला. अकरा सोळांशचा पाना, म्हणजे त्या गाडीला इंचाचेच पाने लागतात, तो त्याच्या खणातून काढून खालच्या खणात ठेवला. त्याने आवळलेला पट्टा सैल केला. तो जे जे लिहायचा ते न वाचता पुसायचो; काय वाचायचं त्यात, उपदेशच असणार! हळूहळू त्याचं अक्षर बारीक झालं, एकेक ओळीखाली रेघ यायला लागली, वर तारीख आणि वेळसुद्धा. मी बायकोला म्हणालो, "जेरीस आलाय बघ." ती म्हणाली, "लाज वाटू दे." मला नाही वाटली. समोरासमोर चार शिव्या घालायला ये ना, म्हणजे मी पण घालतो आणि विषय मिटतो. मला तेच हवं होतं, आणि तो साला येतच नव्हता.

आणि भांडायचं सोडून सरळ गाडी विकायला काढतो!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडकडे निघालो ते दारात आडवा पडायच्या तयारीने. पोचलो तर शेड रिकामी. गेला होता! मी समोर दिसेल त्याला लाथ घातली, तो ब्रेक ऑइलचा निळा डबा होता. सगळं फरशीवर. ब्रेक ऑइल रंग खातं, सांडलं की लगेच पाणी मारायचं, ही इतक्या वर्षांची सवय. रागातसुद्धा बादली उचलली आणि पाणी ओतलं.

ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं. हे मिसळलं नाही. पाण्यावर तवंग धरून तरंगत राहिलं.

मी खाली बसलो आणि बोटावर घेऊन चोळलं. गुळगुळीत. साधं खनिज तेल. ह्या गाडीच्या काचासुद्धा तेलाच्या दाबाने वर-खाली होतात, आणि कारखान्याने तिथे ब्रेकचंच तेल दिलेलं, जे आतून सगळं कुजवतं. तिथे नवे रबर टाकून खनिज तेल भरायचं, असं आमचं फार जुनं बोलणं होतं. दादाने ते केलं होतं. उरलेलं तेल निळ्या डब्यात ठेवलं होतं. आणि फळ्यावर लिहिलं असणारच, दादा तो! मी पुसलं असणार.

आणि आठ दिवसांपूर्वी, ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा उचलून, ब्रेकच्या टाकीचं झाकण काढून, तेल बोटभर कमी दिसलं म्हणून, 'ह्याला धड भरतासुद्धा येत नाही' असं म्हणत, ह्याच डब्यातून ब्रेकमध्ये मी ओतलं होतं.

खनिज तेलाने ब्रेकचं रबर फुगतं. मग ब्रेक एकतर धरून बसतो, नाहीतर ऐन वेळी लागतच नाही. टेकडीपलीकडे उतार आहे, तीन वळणं, आणि खाली सरळ बाजार. माझं धाबं दणाणलं.

दादाला फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. परत लावला. उचल ना रे गाढवा! चार वर्षं माझा फोन उचलायचा नाही हे त्याचं व्रत, आणि आज ते मोडेल तर शपथ! वहिनींना लावला, तर त्यांचा फोन घरातच वाजताना मला शेडमधून ऐकू येत होता. स्कूटर काढली आणि निघालो. वाटभर त्याला शिव्या घालत होतो, मोठ्याने, सिग्नलला माणसं बघत होती. त्याला घालत होतो पण कुणाला लागत होत्या ते मला कळत होतं.

चढाच्या माथ्याच्या थोडं अलीकडे गाडी दिसली. रस्त्याच्या कडेला, मागच्या चाकाला दगड लावलेला, पुढच्या चाकांतून धूर आणि जळका वास. वहिनी झाडाखाली. दादा गाडीजवळ, हात मागे बांधून.

"ब्रेक धरून बसलेत," दादा म्हणाला. चार वर्षांतलं त्याचं पहिलं वाक्य. "सुटत नाहीत. बरं झालं, उतार लागायच्या आधी धरले."

"दादा—"

"माझीच चूक आहे. झाकण काढून बघितलं मी. काचांचं तेल ब्रेकमध्ये ओतलंय मी."

"तू?"

"मग कोण? फळ्यावर मी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, निळ्या डब्यातलं ब्रेकला वापरू नये. निदान मला तसं वाटलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर फळा कोरा. म्हणजे लिहिलंच नव्हतं." तो अगदी शांतपणे सांगत होता, शेजारच्या माणसाच्या आजाराबद्दल सांगावं तसं. "हल्ली होतं माझं असं. कार्बोरेटर लावतो आणि दुसऱ्या दिवशी लावलेला नसतो. पाना ठेवतो एका खणात, सापडतो दुसऱ्यात."

वहिनी उठून आल्या. "आठ महिने चाललंय, भाऊजी. दोन डॉक्टर झाले. डोक्याचे फोटो काढले. फोटोत काही नाही म्हणतात, पण गोळ्या दिल्यात. त्या घेतल्या की दिवसभर पेंगतात. तुम्हाला सांगणार होते, पण ह्यांनी शपथ घातली."

"म्हटलं, एक दिवस माझ्या हातून कुणाचा तरी जीव जाईल," दादा म्हणाला. "म्हणून विकतोय. आज तोच दिवस होता बघ."

"तुला माझा संशय नाही आला? एकदासुद्धा?"

"तुझा?" त्याने माझ्याकडे बघितलं. "तू कसा करशील? मी उघडलेलं तू कधी बंद केलंयस?"

गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. कुणाला कळणार होतं? पण मला राग आला. त्याचाच राग आला, इतका कसा भोळा हा, इतका विश्वास ठेवतं का कुणी! आणि मी ओरडलो, भर रस्त्यात, "मी ओतलं! मी! मीच! फळाही मी पुसला! पानाही मी हलवला! रोज दुपारी तू झोपलास की मी यायचो, आणि तू भांडायला येशील म्हणून वाट बघायचो, आणि तू मूर्खासारखा डॉक्टरकडे गेलास!"

वहिनींनी कपाळावर हात मारला. दादा एकेक विचारायला लागला, नकाशावरची मापं तपासतो तसा.

"कार्बोरेटर?"

"मी."

"दोन्ही वेळा?"

"सहा वेळा."

"पंख्याचा पट्टा?"

"मी."

"गेल्या महिन्यात घरी गॅस चालू राहिला तो?"

"गॅस? तो मी कसा—"

"तो मी विसरले होते," वहिनी दादाला हळूच म्हणाल्या. "तुमच्यावर ढकलला. म्हटलं, तुमचं चाललंच आहे."

दादाने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. खिशातून गोळ्यांची पट्टी काढली, किती उरल्यात ते बघितलं आणि वहिनींच्या हातात दिली. त्याचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, सुटलं. आता एक थोबाडीत देईल आणि सुटलं. मी गालही पुढे केला असता.

"कागद कुठाय?" तो म्हणाला.

"कुठला?"

"विकायचा. सही राहिलीय तुझी."

"आता कशाला विकायची? अरे, तू ठणठणीत आहेस! डोकं शाबूत आहे तुझं!"

"आहे ना. कालपर्यंत माझा माझ्यावर भरवसा नव्हता, तरी गाडीवर होता. आता माझ्यावर आहे." त्याने हात पुढे केला. "उद्या त्या गाडीत मी बसेन तेव्हा दर नटाला विचारावं लागेल, तुला कुणी आवळलं. मला नाही जमायचं. सही कर."

मी कालच्याच शर्टाच्या खिशातून चुरगळलेला कागद काढला, बॉनेटवर सरळ केला आणि त्याच्या त्या चकचकीत नव्या रंगावर ठेवून सही केली. त्याने ती तपासली. घडी घातली. गाडी ओढून नेणाऱ्याला वहिनींनी माझ्या फोनवरून बोलावलं, तो तासाभरात आला, पुढची चाकं उचलून गाडी साखळीला लावली. वहिनी त्याच्या शेजारी बसल्या. तिथे जागा एकच होती.

मी स्कूटर चालू केली आणि म्हणालो, "दादा, बस मागे. घरी सोडतो."

त्याने स्कूटरकडे बघितलं. "हिचे ब्रेक कोण बघतं?"

"मीच."

"मग मी चालत येतो," दादा म्हणाला, आणि उताराला लागला.