सतरा जणांचा तोल

१९७६च्या उन्हाळ्यात बनाबाई सांगलीच्या क्षयरोग दवाखान्यात आली, ती नवऱ्याच्या खांद्याला धरून. दोन वर्षांपूर्वी डॉ. विजयमाला पाटणकरांनी तिचा टीबी बरा केला होता. तेव्हापासून ती पाय फाकवून चालायची आणि अंधार पडला की कलंडायची. जतच्या माळावर मेंढरांमागं जाणं तिचं कायमचं सुटलं होतं.

"आज मी न्हाई. ह्यास्नी दावायचं हाय," ती म्हणाली.

नवऱ्याचं, अर्जुनाचं वय साठ, वजन तेहेतीस किलो. थुंकीत जंतू सापडले. विजयमालाबाईंनी स्ट्रेप्टोमायसिन लिहायला पेन उचललं आणि त्या थांबल्या. रोज एक ग्रॅमची सुई, असा दवाखान्याचा शिरस्ता होता. बनाबाईला तीच दिली होती. या औषधानं शंभरातल्या सातांचा तोल जातो, असं अहवालात त्यांनी स्वतःच लिहिलं होतं. पण ते सात जण कोणते?

त्यांनी अर्जुनाला गोळ्या सुरू केल्या, सुईसाठी आठवड्यानं बोलावलं आणि दुसऱ्या दिवशी साताऱ्याची एसटी धरली.

साताऱ्याच्या दवाखान्यातल्या डॉ. शिर्क्यांनीही हेच उपचार करून अहवाल छापला होता. तो त्यांनी पुढं सरकवला. "आमचाही आकडा सातच आहे. जुळतंय की सगळं. अडलं कुठं?"

"मला सरासरी नको. एकेकाचा केसपेपर पाहिजे. वय, वजन, किती औषध दिलं, पुढं काय झालं."

"म्हणजे आमच्या चुका शोधायला आलात."

"माझ्या चुका सोबत घेऊन आलेय," त्या म्हणाल्या आणि सांगलीचा गठ्ठा टेबलावर ठेवला.

शिर्क्यांनी गठ्ठ्यातला वरचा पेपर वाचला. मग उठून त्यांनी कपाट उघडलं.

तीन दिवस दोघांनी मिळून दोन्ही दवाखान्यांचे दोनशे चव्वेचाळीस केसपेपर वाचले. तोल गेलेले सतरा निघाले. त्यातले चौदा पन्नाशीच्या पुढचे आणि पस्तीस किलोंच्या आतले होते. हे चौदा दोन्हीकडं सात-सात विखुरलेले, म्हणून एकट्यादुकट्याच्या नजरेत ते भरलेच नव्हते. पूर्ण ग्रॅम मिळालेले असे म्हातारे, हडकुळे रुग्ण एकूण एकतीस. म्हणजे जवळजवळ निम्म्यांचा तोल गेला होता. साताऱ्यात मध्ये औषध कमी पडलं, तेव्हा अशाच आणखी अकरा जणांना पाऊण ग्रॅम दिलं होतं. त्यातल्या एकाचाही तोल गेला नव्हता. दहा बरे झाले. एकाचा आजार हटला नाही.

"अकरावर काय ठरवायचं?" शिर्के म्हणाले. "तो एक पाऊण ग्रॅमामुळंच राहिला असेल तर?"

विजयमालाबाईंनी तो प्रश्नही आकड्यांखाली लिहून घेतला.

अर्जुना आला तेव्हा त्यांनी दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. कमी औषधानं आजार राहू शकतो, हेही सांगितलं.

अर्जुनानं बायकोकडं पाहिलं. "पाय ऱ्हायलं पायजेत. कमीच द्या."

बनाबाई मात्र वेगळ्याच गोष्टीवर अडली होती. "म्हंजी माजं ह्ये त्या सुईनं झालं? मला वाटलं, टीबीच डोक्यात चढला."

"सुईनंच. मी दिलेल्या."

तिनं स्वतःच्या पायांकडं पाहिलं. मग म्हणाली, "आन् बाकीच्या सोळा जणांस्नी कुणी सांगितलंय का?"

"नाही."

"मग त्येबी तसंच समजून बसल्यात."

चौथ्या महिन्यात अर्जुनाची थुंकी स्वच्छ आली. तो मेंढरांमागं जात होता. तरी पुढं वर्षभर दर तपासणीला विजयमालाबाई त्याची थुंकी स्वतः पुन्हा तपासायच्या. दोन्ही दवाखान्यांत वय आणि वजन बघून सुई देणं सुरू झालं.

सोळा जणांबद्दल त्यांनी साताऱ्याला लिहिलं होतं. तीन आठवडे उत्तर आलं नाही. मग शिर्क्यांच्या हस्ताक्षरात आठ पत्ते आले आणि खाली एक ओळ: "लोणंदपासून सुरुवात करू. मी येतो."

त्या आठांतला लोणंदचा माणूस ओट्यावर बसला होता, भिंतीला पाठ टेकून. दोघं डॉक्टर आलेले पाहून तो आनंदानं उठायला गेला. शिर्क्यांनी पुढं होऊन त्याला धरलं, ओट्यावर परत बसवलं आणि शेजारी बसून सुईचं सांगायला घेतलं.