तपासणीच्या रकान्यातलं नाव

शुभंकर रोज सकाळी चैतालीसाठी चहा घेऊन तिच्या टेबलाशी येऊन बसायचा, आणि तिथंच तिच्या मनात पाल चुकचुकली. स्वतःच्या खिशातून दुसऱ्याला चहा पाजणारा माणूस या ऑफिसात तिनं आजवर पाहिला नव्हता.

ऑफिस विमाननगरचं. इमारतींच्या पोटातले पाण्याचे पाइप, वायरी, एसीचे डक्ट इथं आधी कॉम्प्युटरवर उभे राहत आणि मग साइटवर जात. जो तो आपल्या पद्धतीनं मॉडेल करी, म्हणून मालक यज्ञेश्वर सरांनी शुभंकरला खास आणलं होतं. त्यानं एक टेम्प्लेट बनवायचं. पाइपांचे रंग, नावं, उतार सगळं एकदाच ठरवायचं आणि पुढं प्रत्येक काम त्याचीच नक्कल काढून सुरू करायचं.

"ड्रेनेजला उतार तुम्ही आधी देता की नंतर?" तो विचारी. "वरून खाली जाणाऱ्या शाफ्टमध्ये पाइप कोणत्या क्रमानं?"

चैताली सांगे, पण हातचं राखून. अकोल्याहून आल्यावर पहिल्या कंपनीत तिनं अशाच एका गोडबोल्याला सगळं शिकवलं होतं. तो तयार झाला आणि हिला नारळ मिळाला. आता याच नोकरीच्या भरवशावर तिनं आईला वाघोलीच्या भाड्याच्या घरात आणलं होतं. पुन्हा गाशा गुंडाळायची तिची मुळीच तयारी नव्हती.

एके दुपारी तिनं तयार झालेलं टेम्प्लेट उघडलं. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात 'तपासणी' असा रकाना होता आणि त्यात तिचं नाव आधीच घातलेलं. तपासून झाल्यावरच तिथं नाव पडायचं, तोवर तो रकाना रिकामा असायला हवा होता. म्हणजे काही चुकलं की बळीचा बकरा आपण, असं तिनं ठरवूनच टाकलं. सरळ विचारलं असतं तर तिथल्या तिथं मिटलं असतं, पण विचारायचं कशाला? बाईसाहेबांनी निकाल देऊन टाकला होता.

त्याच दुपारी तिला चूकही दिसली. या टेम्प्लेटवरचं पहिलं काम वाघोलीच्या नव्या सोसायटीचं. तिथं प्यायच्या पाण्याची एक लाइन आणि फ्लशसाठी टँकर-बोअरच्या पाण्याची दुसरी. शुभंकरनं रंग वेगळे दिले होते, पण दोन्ही लाइनी एकाच वर्गात टाकल्या होत्या. सॉफ्टवेअरच्या लेखी पाणी ते पाणी. घाईत कुणी पाइप ओढला तर ते दोन्ही खुशाल जोडून मोकळं होणार.

चैतालीनं मिठाची गुळणी धरली. ड्रॉइंग तपासायला आपल्याकडेच येतील, तेव्हा सगळ्यांदेखत पकडू, असा तिचा बेत होता. ती वाट पाहत बसली आणि ड्रॉइंग काही आली नाहीत.

सोमवारी सरांनी सगळ्यांना बोलावलं. "शुभंकरचं इथलं काम संपलं. टेम्प्लेट यापुढं चैताली मॅडम सांभाळतील. हट्ट त्याचाच. त्यांच्याशिवाय कुणी तपासायचं नाही म्हणून नावसुद्धा त्यानंच घालून ठेवलं."

चैतालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "वाघोलीची ड्रॉइंग?" तिनं कसंबसं विचारलं.

"ती गेली की शुक्रवारीच," सर म्हणाले. "रकान्यात तुमचं नाव होतं. तपासून झाली असं सगळ्यांनी धरलं."

ती फोनकडे धावणार तोच टेबलावरचा फोन वाजला. सरांनी स्पीकर लावला. वाघोलीचे प्लंबिंगचे ठेकेदार पोपटराव बोलत होते. "सर, वरच्या मजल्यांवर स्वयंपाकघराच्या नळाला फ्लशची लाइन जोडलेली दिसतीय. आमी पाइप टाकायला घेतलंय. खाली मॅडमचं नाव हाय. त्यांनी बघितलंय न्हवं?"

शुभंकरचा चेहरा पडला. "चूक माझी आहे, सर. मॅडमच्या नजरेखालून गेलं असतं तर..."

सगळे तिच्याकडे पाहत होते. नाही म्हणणं सोपं होतं आणि ते खोटंही नव्हतं. ती ड्रॉइंग तिनं पाहिलीच नव्हती.

"काम थांबवा, पोपटराव," चैताली म्हणाली. "चूक मला टेम्प्लेटमध्येच दिसली होती."

"मग बोलला का नाहीत?" शुभंकरनं विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला सोसवेना.

सरांनी फोन ठेवला. "आधी त्या लाइनी वेगळ्या करा," ते म्हणाले. "मग तो रकाना रिकामा करा."