आधी सासूबाई

तपासणीची गाडी आमच्या कुरणावर वर्षातून एकदाच चढते. त्या दिवशी तिची खाली उतरायची वेळ होत आली, तरी एकही बाई जागची हलली नव्हती.

चूक डॉक्टरीणबाईंची. नुरझात नाव, राजधानीहून, बिश्केकहून आलेली, गोड पोरगी. आल्या आल्या माझ्या सासूबाईंना म्हणाली, "आजी, गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची ही तपासणी तुमच्या वयाला नको. तुम्ही आरामात बसा."

झालं! तंबूत सगळ्यांत मोठ्या आमच्या झूराकानबाई. त्यांच्याआधी आम्ही चहाचा घोटसुद्धा घेत नाही, तर पडद्याआड जाऊन आडव्या कुठल्या होतोय? सगळ्याजणी माना खाली घालून घोडीचं दूध पीत बसल्या.

"घाबरता कशाला?" नुरझात म्हणाली. "व्हिनेगर लावून नुसतं बघायचं असतं."

"जेवताना उकडलेल्या मांतीवर शिंपडतो तेच?" कुणीतरी विचारलं. खसखस पिकली, पण उठलं कुणीच नाही.

मला जायचं होतं. माझी बहीण सायरा याच दुखण्याने गेली. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. पण सासूच्या आधी सुनेने तोंड उघडायचं कसं? मी नुसती त्यांचा वाडगा भरायला वाकले. नजर पडद्याकडे होती, दूध वाडग्याबाहेर सांडलं.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. मग गुडघ्यांवर हात रोवून उठल्या.

"चल गं डॉक्टरणी, आधी मला बघ."

"पण आजी, तुमचं वय—"

"माझं वय मला नको सांगूस. पडदा लाव."

थोड्या वेळाने डोक्यावरचा पांढरा रुमाल सारखा करत बाहेर आल्या. "डास चावल्याइतकंही नाही. जा आता तू, सूनबाई."

व्हिनेगर लावल्यावर माझ्या आत एक पांढरा डाग उठून दिसला. "कॅन्सर नाही, पण असाच राहिला असता तर पुढे झाला असता," असं म्हणत नुरझातने उपकरणाचं तापलेलं टोक टेकवून तो तिथल्या तिथे जाळून टाकला. पोटात एक कळ आली, एवढंच. पुढच्या वर्षी पुन्हा दाखवायला सांगितलं. मी बाहेर आले तर पडद्यापाशी रांग लागलेली.

संध्याकाळी चहा ओतताना मी म्हटलं, "आई, माझ्यासाठी केवढं सोसलंत."

"सोसलं कसलं डोंबल! तिने माझा रक्तदाब मोजला, मी तिला वाळवलेल्या दह्याचं खारट कुरुत चारलं."

"आणि तो डास?"

"तो खरंच चावला नाही."

पहिला चहा आजही त्यांनाच देते. पूर्वी रीत म्हणून द्यायचे.