टाळीच्या जागा

योगिताचं पत्र दिवाळीच्या आधी आलं होतं. पुढे जत्रा आली तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. त्यात न समजण्यासारखं काही नव्हतं. मुळगावजवळच्या खाणीच्या कचेरीत स्पॅनिश कागद वाचणारं माणूस हवं होतं, कारण खनिज आता तिकडच्या बंदराला जाऊ लागलं होतं. जागा वर्षअखेर भरायची होती. ज्याच्याकडे शिकलात त्याच्याकडून दोन ओळी आणा, असं साहेबांनी सांगितलं होतं. 'सर, हिला स्पॅनिश येतं, एवढंच लिहा. ही जागा गेली तर बाबा माझं बेळगावचं स्थळ पक्कं करतील.'

रोज जेवण झालं की मी कोरा कागद काढायचो आणि झोपायच्या आधी परत ठेवायचो.

"कागद लिवपाक तुमकां मुहूर्त जाय?" चंद्रावती विचारायची. ती माझी बायको. माझ्याविषयी तिचं जे मत आहे तेच माझंही आहे, फक्त ती ते मोठ्यानं बोलते.

अडचण अशी होती की योगिताला स्पॅनिश येतं हे लिहायचं तर मला ते येतं हे आधी ठरायला हवं होतं. मी लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज अमदानीतल्या हायस्कुलात, पोर्तुगीज शिकलो. स्पॅनिश मात्र म्हाप्शाच्या शुक्रवारच्या बाजारात, सुक्या मासळीच्या रांगेपलीकडे मिळालेल्या एका जुन्या व्याकरणावर शिकलो. डिचोलीच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो तेव्हा योगिता तिथं यायची. मला शब्द बोलून दाखवायची लाज वाटे, म्हणून मी तिला ते फोडायला शिकवलं. दोन स्वरांमध्ये एक व्यंजन असेल तर ते पुढच्याबरोबर जातं. दोन असतील तर बहुतेक वेळा एक मागे, एक पुढे. काही जोड्या मात्र तोडायच्या नाहीत. ती मातीच्या घुमट वाद्यावर थाप मारावी तशी टेबलावर बोटं मारत शब्द फोडायची आणि लायब्ररीतले पेपर वाचणारे म्हातारे चष्म्यावरून बघायचे. महिन्याभरात ती माझ्यापुढे गेली. पण माझ्या स्पॅनिशला आजवर एकाही स्पॅनिश माणसानं उत्तर दिलेलं नव्हतं. उद्या कचेरीत पोरीनं तोंड उघडलं आणि साहेब हसला तर?

अशात दत्तूबाब घरी आला.

दत्तप्रसाद कोरगावकर हा आमचा पुढारी. भाषेच्या भांडणात यानं आधी कोकणी पाट्यांना डांबर फासायला माणसं पाठवली. कायदा कोकणीच्या बाजूनं झाल्यावर कोकणीच्या सत्काराला नारळ यानंच फोडला. गोवा राज्य झालं त्या दिवशी दोन्हीकडच्या मिरवणुकींत पुढे हाच होता, फक्त मधे सदरा बदलला. मी मराठी वाचतो, कोकणीत जेवतो, परीक्षा पोर्तुगीजमध्ये दिली. मला कोणत्याच सभेत कोणी बोलावलं नाही आणि बोलावलं असतं तर मी गेलो नसतो.

"मास्तर," खुर्चीवर बसत दत्तूबाब म्हणाला, "खाणीवर स्पेनचो इंजिनेर येता. आमच्या जत्रेच्या नाटकाक मी त्याला आणतोय. पडदा वर जायच्या आधी स्वागत मी करणार. स्पॅनिशमधून!"

"तुम्हाला येतं?"

"तुमकां येता मगे? नक्कल काढून द्या. देवनागरीत. पाठांतराचं सोडा, मी जत्रेत तीन राजे आणि एक शिवाजी केलाय."

नक्कल म्हणजे नटाच्या वाट्याची वाक्यं उतरवलेली वही. आमच्या गावात ज्याची नक्कल जाड तो माणूस मोठा. दत्तूबाबाचे ट्रक त्या खाणीवर चालायचे, तेव्हा ही भूमिका त्याला का हवी होती ते कळायला स्पॅनिश लागत नव्हतं.

"आणखी एक," उठताना तो म्हणाला. "आमच्या नितीनाक खाणीच्या कचेरीत लावायचाय. भाचो म्हणून सांगत नाही, हुशार आहे. त्याला स्पॅनिश येतं अशा दोन ओळी लिहून ठेवा. जत्रा झाली की घेऊन जातो."

नितीन कोण ते मला ठाऊक होतं. त्याला मराठीही जेमतेमच येत असे.

मी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे मलाच कळलं नाही. दत्तूबाबाला लगेच कळलं.

तो गेल्यावर चंद्रावती आतून म्हणाली, "त्या पोरीला लिहायला हात उठत नाही. आता ह्या रेड्याला लिहून देणार?"

मी भाषण तयार केलं. दत्तूबाबाची जीभ जड म्हणून प्रत्येक शब्द फोडून मधे आडव्या रेघा घातल्या. ब्येन-वे-नी-दोस. आ. न्वेस-त्रा. त्ये-र्रा. आमच्या भूमीत आपलं स्वागत असो, एवढाच अर्थ.

तालमीला त्याच्या वहीतल्या त्या रेघा तांबड्या झालेल्या दिसल्या. आमच्याकडे नट नकलेत जिथं टाळी येणार तिथं तांबडी रेघ मारून ठेवतात. तिथं थांबायचं, छाती काढायची, टाळी संपली की पुढचं वाक्य. दत्तूबाबानं माझी प्रत्येक फोड टाळीची जागा समजून लाल करून टाकली होती. मी सांगायला तोंड उघडलं.

"दत्तूबाब, त्या रेघा..."

"रेघा भारी आहेत, मास्तर! इतक्या टाळ्या मला शिवाजीतसुद्धा नव्हत्या. तुमी फक्त फाटल्यान रावात. उजेडात येऊ नका."

मी तोंड मिटलं. मागे राहणं हे माझं कामच होतं. जत्रेच्या नाटकाला विंगेत पुस्तक धरून नटांना वाक्यं पुरवण्यात माझं आयुष्य गेलंय. सगळ्या गावाला माझा आवाज माहीत आहे, तोंड मात्र कोणाच्या लक्षात राहत नाही.

जत्रेच्या रात्री इंजिनियर पुढच्या रांगेत वेताच्या खुर्चीवर बसला होता. नाव इबार्रा. वयस्क, थकलेला, गळ्यात झेंडूचा हार. शेजारी खाणीचे साहेब. मागे दत्तूबाबाच्या ट्रकांवरचे क्लीनर बसवले होते. त्यांना ताकीद होती, "हांव थांबलो की ताळयो मारात."

दत्तूबाब उपरणं सावरत पुढे आला.

"ब्येन!" तो थांबला. क्लीनरांनी टाळ्या मारल्या.

"वे!" टाळ्या.

"नी!" टाळ्या. कोणीतरी शिट्टी घातली.

"दोस!" टाळ्या. हळूहळू बायकांची बाजूही टाळ्या मारू लागली, कारण जत्रेत शेजारच्यानं मारली की आपणही मारायची असते.

मग तो नुसता "आ!" म्हणाला आणि तोंड तसंच उघडं ठेवून थांबला. दात काढणाऱ्या डॉक्टरपुढे बसल्यासारखा दिसत होता. त्यालाही टाळ्या पडल्या. इबार्रा आधी पाहुण्यासारखं हसला, मग खाणीच्या साहेबाकडे पाहू लागला. हे काय चाललंय, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट होतं.

एवढ्या टाळ्यांत दत्तूबाब कोणत्या तुकड्यावर आहे हे विसरला. त्यानं विंगेकडे सरकून फळीवर टाच आपटली. वाक्य द्या, अशी ती खूण. मी तुकडा द्यायला हवा होता. पण बहिऱ्या राजांना आणि पिऊन आलेल्या सेनापतींना वाक्य पुरवणाऱ्या माझ्या गळ्याला तुकडा देण्याची सवय नव्हती. मी सगळं वाक्य एका दमात दिलं. आणि दत्तूबाब नुसताच उभा राहिला म्हणून वहीत नसलेलंही पुढे जोडलं. प्रवास लांबचा झाला असेल, आमचं गाव लहान आहे, नाटक मोठं आहे, झोप आली तर कोणी रागावणार नाही.

पुढच्या रांगेत इबार्रा मोठ्यानं हसला आणि उठून उभा राहिला. दत्तूबाबाकडे न पाहता त्यानं पडद्याला विचारलं, "क्येन आब्ला आई?" तिथं कोण बोलतंय?

सगळ्या माना विंगेकडे वळल्या. माझे पाय पळायला निघाले होते, पण विंगेमागे बाकं रचलेली होती.

"सोय एल आपुन्तादोर, सेन्योर," मी म्हणालो. मी प्रॉम्प्टर आहे, साहेब. हा शब्द मी कित्येकदा कागदावर फोडला होता. आ, पुन, ता, दोर. तोंडातून मात्र तो अख्खा बाहेर पडला.

स्पेनमध्ये कुठं राहत होतात, त्यानं विचारलं. कुठंच नाही, म्हाप्शाच्या बाजारात पुस्तक मिळालं, मी सांगितलं. तो पुन्हा हसला. शब्द न शब्द कळला, तो म्हणाला, पण तुम्ही पोर्तुगिजासारखे बोलता. मग तो खाली बसला आणि दत्तूबाबानं, हा संवाद आपणच योजला होता अशा थाटात, दोन्ही हात वर करून टाळ्या घेतल्या.

नाटक संपल्यावर दत्तूबाब रंगाच्या खोलीत आला. घामानं निथळत होता आणि खूश होता.

"मोजल्या काय टाळ्या? मुख्यमंत्र्याला नसतील पडल्या! बरं, नितीनाचो कागद?"

"नितीनला स्पॅनिश येत नाही," मी म्हणालो.

"शिकेल मगे!"

"शिकला की लिहीन."

"मास्तर, तुम्ही मला नाही म्हणताय?"

एरवी मी इथं गप्प झालो असतो. गप्प झालोही. पण या वेळी मान हलली ती कोणत्या बाजूला हलली हे मला कळलं, आणि त्यालाही. तो विंगेतल्या पोरांसमोर म्हणाला की पुढच्या वर्षी पडद्यामागं दुसरा माणूस बघू, या म्हाताऱ्याला ऐकू येत नाही. पोरं हसली. ती त्याच्या शिवाजीलाही असंच मागून हसत, फक्त त्याला ते टाळ्यांत ऐकू येत नसे.

सकाळी पोदेराकडून पाव घेतल्यावर मी कागद काढला. 'योगिताला मी स्पॅनिश शिकवलं. ती वाचते, तिला कळतं, आणि माझ्यापेक्षा लवकर कळतं. तिचा उच्चार पोर्तुगीज वळणाचा वाटेल. तो दोष शिक्षकाचा आहे. खात्री करायची असल्यास इंजिनियर इबार्रा यांना विचारावं.' खाली सही केली आणि पत्ता घातला. चंद्रावतीनं वाचलं नाही. "एवढ्यासाठी दिवाळी गेली," म्हणाली आणि चहा गाळायला लागली.

पोस्टाजवळ पोहोचलो तेव्हा सखाराम पोस्टमन लाल पेटी उघडून पत्रं थैलीत भरत होता. म्हाप्शाची गाडी लागायची वेळ झाली होती. त्यानं पाकीट माझ्या हातातून घेतलं.

"मास्तर, तिकीट उलटं लावलंय."

"चालतं?"

"जाता. तिकिटावयलो माणूस उलटो जालो तरी कागद सुलटोच जाता."

थैलीचं तोंड त्यानं आवळलं आणि तेवढ्यात मला वाटलं, 'कळतं' हे दोनदा झालं का? शिक्षकाचा दोष असं लिहायचं का 'माझा'?

"सखाराम, जरा दाखव बघू परत. एक शब्द..."

"आता तो कागद सरकाराचो, मास्तर," तो म्हणाला आणि थैली खांद्यावर टाकून गाडीकडे चालू लागला.